एबीसीतली चार फुटांची खिडकी

आप्पा बळवंत चौकातल्या एका छोट्याशा स्टेशनरीच्या दुकानात सध्या एक प्रश्न गाजतोय : शोकेस सजवायची की भाड्याने द्यायची? त्याचं उत्तर मिळेपर्यंत तिथून खुशाल उचलाव्यात अशा काही हटके गिफ्ट आयडियाज!

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. टीमच्या ग्रुपवर क्यूआर कोड येऊन पडतो. कुणाचा तरी फेअरवेल आहे, प्रत्येकी शंभर रुपये. पैसे दोन मिनिटांत जमतात आणि मग सुरू होतो तो सनातन प्रश्न, 'घ्यायचं काय?' कुणी म्हणतं कॉफी मग, कुणी म्हणतं फोटोफ्रेम, कुणी म्हणतं ब्लूटूथ स्पीकर, पण त्याच्याकडे ऑलरेडी दोन आहेत. शेवटी कंटाळून सगळे व्हाउचरवर येतात. म्हणजे आपण त्याला पैसेच देतो, फक्त जरा इंग्रजीत!

बॉस, यावर एक उपाय आहे. कॅब बुक करू नका, कारण ती जिथे पोचायला हवी तिथे उभी राहू शकत नाही. गाडी तर अजिबात काढू नका. मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडई स्टेशनला उतरा (२०२४ पासून पेठांच्या पोटातून मेट्रो धावतेय, त्याचा काहीतरी फायदा घ्या की!) आणि तिथून चालत आप्पा बळवंत चौक गाठा.

ए फॉर आप्पा

पुण्याबाहेरच्या मित्रांसाठी थोडी माहिती. एबीसी म्हणजे आप्पा बळवंत चौक. पेशवाईतले सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक. त्यांचे वडील बळवंतराव मेहेंदळे पानिपतच्या मोहिमेत कामी आले. आज मात्र इथे लढाई होते ती नवनीत गाइडसाठी, ग्राफ पेपरसाठी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दोनशे पानी वह्यांच्या गठ्ठ्यासाठी. इतिहासाशी घेणंदेणं नसलेल्या मुलांनी त्याचं 'एबीसी' करून टाकलं. आणि पुस्तकांच्या चौकाला यापेक्षा फिट्ट नाव दुसरं कुठलं असणार?

बाजीराव रोड, नूतन मराठी विद्यालय, जरा पुढे शनिवारवाडा, मागच्या बाजूला तांबडी जोगेश्वरी. या पट्ट्यात पुस्तकांची आणि स्टेशनरीची इतकी दुकानं आहेत की एका दुकानात पेन नाही मिळालं तर दुकानदारच शेजारच्याकडे पाठवतो. तुम्ही एमपीएससीवाले असा, इंजिनीअरिंगच्या ड्रॉइंग शीटवाले असा, नाहीतर 'बाबांना पाहिजे तीच रिफिल हवी'वाले असा, एबीसीला पर्याय नाही.

आमची खिडकी याच पट्ट्यातल्या एका बोळाच्या तोंडाशी आहे. दुकान जेमतेम दहा फूट रुंद. त्यातले सहा फूट काउंटर आणि उरलेल्या चार फुटांत काचेची शोकेस. सागवानी चौकट, आत एक फळी, वर दोन दिवे. बस्स.

दुकानाचं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण काकांनी तशी अट घातली. 'नाव छापलंत तर लोक दुकान बघायला येतील. दुकानात बघण्यासारखं काही नाहीये. काय बघायचं ते काचेत बघा.' काका अस्सल पेठेतले आहेत. काउंटरवर त्यांच्या हस्ताक्षरातली पाटी आहे : 'पेन चालवून बघण्यासाठी कागद ठेवला आहे. भिंत आमची आहे.'

काच बोलते तेव्हा

खिडकी सजवतात त्या काकांच्या सूनबाई. आपण त्यांना ताई म्हणू. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा, काही वर्षं एका जाहिरात एजन्सीत नोकरी, मग मूल झाल्यावर ब्रेक आणि आता दुकान. त्या येण्याआधी या शोकेसमध्ये काय होतं? जे प्रत्येक स्टेशनरीच्या शोकेसमध्ये असतं तेच. उन्हाने पिवळे पडलेले फाइल फोल्डर, एक पृथ्वीचा गोल, दोन ट्रॉफ्या आणि 'येथे रबर स्टॅम्प बनवून मिळतील'.

मी पहिल्यांदा बघितली ती ज्येष्ठातली खिडकी. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. काचेत पेन्सिलींची दिंडी निघाली होती. साध्या, शाळेतल्या पेन्सिली, मातीच्या थरात उभ्या रोवलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर भगव्या कागदाची इवलीशी पताका. पुढच्या दोघींच्या हातात पितळी ड्रॉइंग पिनांचे टाळ. रांगेच्या मधोमध खोडरबरांची पालखी. आणि सगळ्यात मागे एक अगदी बुटकी, झिजून दोन बोटं उरलेली पेन्सिल. तिला मात्र पताका नव्हती, टोक केलेलं होतं.

तिच्यापुढे लोक थांबत होते. एक आजी तर चक्क हात जोडून पुढे गेल्या.

मग श्रावण आला. काकांकडे कार्बन पेपरचे चार डबे वर्षानुवर्षं पडून होते. आता कार्बन कोण घेतो हो? ताईंनी त्याचं आभाळ केलं आणि चांदीच्या रंगाच्या जेम क्लिपा दोऱ्यात ओवून त्यांचा पाऊस पाडला. दिसत होतं भन्नाट, पण फक्त रात्री. दुपारी लोक थांबायचे, काचेत बघायचे, केस नीट करायचे आणि निघून जायचे! काळ्या पार्श्वभूमीमुळे काचेचा आरसा झाला होता. तिसऱ्या दिवशी ताईंनी मागे पांढरा कागद लावला, कार्बनचे फक्त ढग कापले, दिवे वाढवले. मग पाऊस दिवसाही दिसायला लागला. त्या आठवड्यात कार्बन पेपरचा एक अख्खा डबा संपला. कुणाला भरतकामाची नक्षी उतरवून घ्यायची होती, कुणाला रांगोळीची. कार्बन अजून मिळतो हेच लोक विसरून गेले होते.

पण सगळ्यात गाजलेली खिडकी वेगळीच. काउंटरवर पेन चालवून बघायला जे पॅड असतं ना, त्याचे कागद काका कधी फेकत नाहीत, पुड्या बांधायला ठेवतात. ताईंनी वर्षभराचे कागद काढले, ज्यांवर फोन नंबर होते ते बाजूला केले आणि बाकीच्यांनी खिडकीची मागची भिंत पूर्ण मढवून टाकली. पुढे फक्त एक पेन आणि एक चिठ्ठी : 'यात तुमचं अक्षर सापडतंय का?'

दुकानात पेन चालवताना माणूस काय लिहितो, कधी विचार केलाय? बहुतेक जण स्वतःचं नाव लिहितात. वयस्कर माणसं 'श्री' लिहितात. कॉलेजवाले सही करतात, तीही क्रिकेटरसारखी. लहान मुलं गोल-गोल भोवरे काढतात. काही जण दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लिहितात आणि मग त्यावर रेघा मारतात. हे सगळं एकाच भिंतीवर, निळ्या-काळ्या-हिरव्या शाईत. लोक नाक काचेला लावून उभे होते. एका मुलीला तिच्या वडिलांचं 'श्री' सापडलं. वडील त्या उन्हाळ्यात गेले होते. ताईंनी तो कागद भिंतीवरून सोडवून तिला दिला. तिथे पडलेली मोकळी चौकट त्यांनी तशीच ठेवली, वर दुसरा कागद चिकटवला नाही.

भाडं की भाव?

आता या गोष्टीतला ट्विस्ट.

२०२४ च्या दिवाळीच्या आसपास एका कंपनीचा माणूस काकांकडे आला. शोकेसच्या जागी आम्ही आमचा चकाचक बोर्ड लावतो, आत आमचाच माल, लाइटचं बिल आमचं आणि वर दरमहा ठरावीक रक्कम. काकांना करायचं काहीच नाही. शेजारचं दुकान आधीच मोबाइल कव्हरवाल्याला गेलं होतं. शाळेच्या वह्या बऱ्याच ठिकाणी शाळेतूनच मिळतात. ऑफिसची स्टेशनरी ऑनलाइन येते, तीही दुसऱ्या दिवशी दारात. अशा वेळी घरबसल्या पैसे म्हणजे काय असतं, ते स्टेशनरीच्या धंद्यात दोन-दोन रुपयांवर आयुष्य काढलेल्या माणसालाच कळतं.

'खिडकी खाते किती आणि देते किती, एवढंच मला सांग,' काका सूनबाईंना म्हणाले.

'बाबा, एक वर्ष द्या. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत.'

दिवाळी पाडव्याला वही बदलते, व्यापाऱ्याचं वर्ष बदलतं. म्हणून तीच मुदत ठरली. ताईंनी एक छोटी वही घातली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, 'काचेत बघून आलात का?' हो म्हणालं की एक काडी. चार काड्यांवर पाचवी आडवी. खर्चाचं पान वेगळं, पण त्यात लिहिण्यासारखं फार नव्हतंच. कारण ताईंचा नियम साधा आहे : खिडकीसाठी बाहेरून काही विकत आणायचं नाही, दुकानात पडून असलेलंच वापरायचं.

२०२५ च्या पाडव्याला काकांनी ती वही वाचली. आकडा काय निघाला? 'तो आमच्या घरचा आहे,' काका म्हणाले. पण त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन करून सांगितलं, 'पुढच्या पाडव्याला विचारा.' होकार नाही, नकारही नाही. म्हणजे आणखी एक वर्ष काचेत ताईंचं राज्य. त्यानंतरचं मात्र नव्या वहीतल्या काड्यांवर ठरणार.

मी ताईंना विचारलं, टेन्शन नाही येत? त्या एका पिशवीतून जुन्या फाइल्सचे टॅग निवडत होत्या. 'टेन्शन आलं की मी खिडकी बदलते,' एवढंच म्हणाल्या.

थोडा खिडकीचा फंडा

विंडो डिस्प्ले हा काही फक्त मॉलचा मक्ता नाही आणि हे वेडही आजचं नाही. 'विझर्ड ऑफ ऑझ' लिहिणारा एल. फ्रँक बॉम आठवतोय? त्याने ते पुस्तक यायच्या आधी, १८९७ मध्ये, शिकागोत दुकानांच्या खिडक्या कशा सजवाव्यात यावर एक अख्खं मासिक काढलं होतं. न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्याच्या खिडक्या जीन मूर नावाच्या माणसाने १९५५ पासून जवळजवळ चाळीस वर्षं सजवल्या. आणि हिऱ्यांच्या शेजारी तो काय ठेवायचा? सुतळी, अंडी, असल्या वस्तू. म्हणजे ताईंचा 'पडून आहे तेच वापरा' नियम बराच इंटरनॅशनल निघाला!

ताईंनी सांगितलेले काही फंडे तुमच्या ऑफिसच्या सॉफ्टबोर्डलाही चालतील. एका खिडकीत एकच गोष्ट. रस्त्यावरून जाणारा माणूस दोन-तीन सेकंद देतो, त्यात त्याला पाच विषय सांगू नका. मुख्य वस्तू उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीला ठेवा, पण एक गंमत खाली, लहान मुलांच्या उंचीला हवीच, कारण मूल थांबलं की आई थांबते. बाहेर ऊन असेल तर आत त्याहून जास्त उजेड आणि फिकी पार्श्वभूमी हवी, नाहीतर कार्बनच्या आभाळाचं झालं तेच होतं. उन्हात रंगीत कागद फिका पडतो, म्हणून विकायचा माल काचेत ठेवायचा नाही, नमुनाच ठेवायचा. आणि खोडरबर कधीही प्लॅस्टिकला टेकवून ठेवायचं नाही. शाळेत कंपासपेटीतल्या पट्टीला खोडरबर चिकटून बसायचं ते आठवतंय? खोडरबर मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात तेच पट्टीच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि ती विरघळल्यासारखी होते. ताईंची पहिली पालखी उन्हात अशीच एका प्लॅस्टिकच्या फळीत रुतून बसली होती.

घ्या, पाच आयडियाज!

आता मुद्द्याचं. या दुकानात गिफ्ट आर्टिकल असं वेगळं कपाट नाही. आर्चीजच्या जमान्यातही नव्हतं. पण काचेत बघून आत आलेला माणूस 'हे गिफ्ट देता येईल का?' असं विचारतोच. त्यातून तयार झालेली ही यादी. सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे : यातलं काहीही नुसतं विकत घेऊन संपत नाही. देणाऱ्याला नाहीतर घेणाऱ्याला हातात पेन घ्यावंच लागतं.

१. फेअरवेलची वही. चौदा जणांच्या 'बेस्ट ऑफ लक'ने भरलेलं कार्ड बॅगेच्या तळाशी जातं. त्याऐवजी हातकागदाची एक वही घ्या. सुती चिंध्यांचा लगदा करून, चाळणीवर एकेक ताव उचलून बनवलेला हा कागद पुण्याला नवा नाही, शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. टीममधल्या प्रत्येकाने एकेक पान लिहायचं. अट एकच, पानावर एक खरा प्रसंग हवा. रात्री अकराला सर्व्हर पडला तेव्हा त्याने सगळ्यांसाठी भुर्जी आणली होती, असला. बाकीची पानं कोरी ठेवा, ती त्याची.

२. आईची आमटी. आईला रेसिपी डायरी दिलीत तर ती ठेवून देईल. उलटं करा. जाड कार्डांचा गठ्ठा आणि टॅबवाली खोकी घ्या, एका रविवारी ओट्यापाशी बसा आणि ती सांगेल ते तुम्ही लिहा. 'अंदाजाने मीठ' म्हणाली तर 'अंदाजाने मीठ'च लिहा. खोकी भरली की एक तिला, एक तुम्हाला. झेरॉक्स एबीसीत जागोजागी आहेच.

३. पहिलं फाउंटन पेन. डायरी लिहायची असं दर एक जानेवारीला ठरवणाऱ्या मित्रासाठी बेस्ट. महागडं नको, बारीक निबचं साधं पेन आणि निळ्या शाईची दौत. शाईला आपल्याकडे छान इतिहास आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात 'घोडा छाप' शाईपासून सुरुवात केली, त्याचं पुढे कॅम्लिन झालं आणि २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने त्यात मोठा वाटा घेतला. पेनसोबत एक चिठ्ठी द्या : 'महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धू. ड्रॉइंगची काळी शाई यात घालू नकोस, पेन तुंबेल.' ड्रॉइंगच्या शाईत बऱ्याचदा लाखेसारखं द्रव्य असतं, ते वाळलं की निबमागच्या बारीक वाटा बंद होतात. गिफ्टसोबत ते वापरायची युक्ती दिली की ते टिकतं.

४. वाण, पण वेगळं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदाही प्लॅस्टिकची डबी? तीस-चाळीस जणींना काय द्यायचं हा प्रश्न घरोघरी असतो. ताईंनी मागच्या जानेवारीत काचेत एक वाण मांडलं होतं : दोन पेन्सिली, एक छोटं पॅड आणि एक छापील भेटकार्ड, सगळं खाकी कागदात, वर हलव्याचे चार दाणे. पूर्वी संक्रांतीला पाकिटात तिळगूळ आणि भेटकार्ड घालून पोस्टाने पाठवायची पद्धत होती, तुमच्या आजीला विचारा. वाण लुटून झाल्यावर एका बाईंनी येऊन आणखी वीस कार्डं नेली. आलेल्यांपैकी काहींनी खरंच कार्ड लिहून पाठवलं होतं आणि आता त्यांना उत्तरं द्यायची होती.

५. दहा पोस्टकार्डं. ही माझी फेव्हरिट. पोस्टकार्ड दुकानात मिळत नाही, त्यासाठी लक्ष्मी रोडवरच्या सिटी पोस्टात जा. एक कार्ड पन्नास पैशांचं, म्हणजे दहा कार्डं पाच रुपयांत! दहाही कार्डांवर स्वतःचा पत्ता लिहायचा, दुकानातून एक चांगलं पेन घ्यायचं, खाकी पाकिटात भरून दुसऱ्या शहरात चाललेल्या दोस्ताला द्यायचं. माझी रूममेट नोकरीसाठी हैदराबादला गेली तेव्हा मी हेच दिलं. रोज व्हॉट्सअॅपवर बोलतो आम्ही. पण आठ महिन्यांत तीन कार्डं आली आहेत आणि त्या तिन्हींत तिने जे लिहिलंय, ते तिने मला फोनवर कधीच सांगितलं नव्हतं.

बजेटवाल्यांसाठी बोनस : लग्नाच्या आहेराचं पाकीट. एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं तेच सोनेरी पाकीट देण्याऐवजी जुन्या कॅलेंडरच्या पानाचं पाकीट घरी करा. ज्या महिन्यात लग्न आहे तोच महिना निवडा, मुहूर्ताच्या तारखेला गोल करा आणि ती बाजू वर ठेवा. नाणं मात्र तुमचंच! ताईंनी लग्नसराईत अशी पाकिटं काचेत लावली, तर लोकांनी पाकिटं मागितलीच, वर करायची कशी तेही विचारून घेतलं. काकांना हे पटलं नाही. 'शिकवलंस तर विकणार काय?' ताईंनी शांतपणे डिंकाची बाटली पुढे सरकवली.

जाण्याआधी

शनिवारची संध्याकाळ बेस्ट. रविवारी एबीसीतली बरीच दुकानं बंद असतात आणि आमचे काका दुपारी एक ते चार विश्रांती घेतात, त्यावर चर्चा नको. रंगपंचमी आणि गणपतीच्या दिवसांत या भागात चालायलाही जागा नसते. २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून कागदाचं आणि पुठ्ठ्याचं मखर करणाऱ्यांची इथे झुंबड उडते. मखराचा कागद हवा असेल तर श्रावणातच उरकून घ्या.

पॅकिंगसाठी चकचकीत कागद मागू नका. काका खाकी कागदात, चिकटपट्टीशिवाय, नुसत्या घड्यांवर आणि सुतळीवर अशी वस्तू बांधून देतात की उघडावीशी वाटत नाही. त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त 'जरा लवकर करा' म्हणालात तर मुद्दाम हळू बांधतील.

आणि दुकान सापडायचं कसं? सोप्पंय. चौकातून आत वळा आणि खिडक्या बघत चला. ज्या काचेसमोर दोन-तीन माणसं उगाच उभी असतील, ती. मी हे लिहितेय तेव्हा तिथे फुटपट्ट्यांचा शनिवारवाडा उभा राहतोय. दिल्ली दरवाज्यासाठी ताईंना बारा इंची लाकडी पट्ट्या कमी पडताहेत. जुनी, घरात पडलेली असेल तर घेऊन जा, बदल्यात नवी पेन्सिल मिळते.

आत गेलात की ताई विचारतील, 'काचेत बघून आलात का?' खरं उत्तर द्या. वहीत एक काडी पडेल.